चोवीस स्पंदांचा करार

१९८२ साली मुंबईतील वादक चरणजित सिंग यांच्यासमोर रोलँड कंपनीची तीन यंत्रे होती. ज्युपिटर-८ हा एकाच वेळी आठ स्वर धरणारा सिंथेसायझर. टीबी-३०३ ही एका वेळी एकच खर्जातला स्वर काढणारी छोटी पेटी. आणि टीआर-८०८ हे तालयंत्र. निर्माता एक असला तरी शेजारी ठेवली म्हणून ती एकत्र वाजणार नव्हती. प्रत्येकाची लय स्वतंत्र होती, आणि दोन स्वतंत्र लयी कितीही काळजीने जुळवल्या तरी काही आवर्तनांनी त्या एकमेकींपासून सरकू लागतात. मैफलीत तबलावादक आणि लेहरा धरणारा परस्परांकडे पाहून ही सरक सावरतात. यंत्रांना तशी नजर नसते.

नजरेचे ते काम एका तारेने केले. तालयंत्रातून निघालेली तार दर ठोक्यामागे २४ विद्युत् स्पंद पाठवते. मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल तर दोन स्पंदांत सुमारे २१ मिलिसेकंदांचे अंतर पडते. टीबी-३०३ हे स्पंद मोजते आणि दर सहाव्या स्पंदाला आपल्या साठवलेल्या स्वरावलीतील पुढच्या पायरीवर जाते. ज्युपिटर-८ मध्येही दाबलेल्या स्वरांना ओळीने उलगडणारी एक योजना असून तिला बाहेरून ठोका देता येतो. अशा रीतीने तीन यंत्रे एका घड्याळावर चालू लागतात.

या तारेतून काय जात नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. तिला षड्ज ठाऊक नाही, राग ठाऊक नाही. ‘आता’ एवढेच ती सांगते. रागाचे स्वर निवडून ते टीबी-३०३ मध्ये एकेक करून भरणे आणि वर ज्युपिटरवर आलाप घेणे, हे सारे वादकाकडेच उरते. त्यातही अडचण होती. या वाद्यांचे सप्तक बारा समान भागांत वाटलेले असते. तोडीतला कोमल गांधार मात्र गळ्यातून त्या ठरीव जागेपेक्षा किंचित उतरलेला येतो. मींडही पट्टीवर मिळत नाही. ती स्वर वाकवणाऱ्या दांडीने, हातानेच घडवावी लागते.

सिंग यांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत अनेक वर्षे बेस गिटार वाजवली होती, आणि टीबी-३०३ हे यंत्र मुळात बेसवादकाची जागा भरण्यासाठीच बनवलेले होते. ज्या यंत्राने त्यांचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम घ्यायचे, त्यालाच ते राग शिकवीत होते. पुढे सिंथेसायझर रुळले, ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांतील खुर्च्या रिकाम्या होत गेल्या आणि अनेक वादकांचे उत्पन्न आटले. या प्रयोगाचे कौतुक करताना ती बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

त्या वर्षी तयार झालेल्या ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ या ध्वनिमुद्रिकेत भैरवीपासून बैरागीपर्यंत दहा राग आहेत. तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये पुन्हा प्रकाशित झाली. शिकागोत १९८७ साली गाजलेल्या ‘अ‍ॅसिड’ संगीताशी तिचे साम्य पाहून ऐकणारे चकित झाले. शिकागोने मुंबईचे अनुकरण केले असा याचा अर्थ नाही. एकच यंत्र दोन शहरांत, दोन वेगळ्या परंपरांच्या हाती पडले होते. उतारवयात सिंग यांना परदेशांत श्रोते लाभले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

दरम्यान तारांचा प्रश्न व्यापक रीतीने सुटला होता. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेत दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर, प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६, एका तारेने जोडून दाखवले गेले. ही ‘मिडी’ पद्धत कोणालाही मोफत वापरता येई. ती सेकंदाला ३१,२५० बिट्स वाहते. एक स्वर सुरू करण्याचा संदेश ३० बिट्सचा, म्हणजे सुमारे एका मिलिसेकंदाचा. तेवढ्या वेळात ध्वनी हवेतून जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. संदेश यंत्रात शिरताना प्रकाशाच्या रूपाने एक छोटी फट ओलांडतो. त्यामुळे दोन यंत्रांचे विद्युत्मंडल परस्परांना जोडले जात नाही आणि त्यातून उठणारी गुणगुण टळते. लयीसाठी मात्र ठोक्यामागे २४ स्पंदांचा जुना करार तिने तसाच ठेवला.

आज वसतिगृहातल्या टेबलावर एखादा विद्यार्थी आपले वर्कस्टेशन आणि जुना सिंथेसायझर जोडतो, तेव्हा पहिला प्रश्न तोच असतो: घड्याळ कोणाचे? एकाने लय द्यायची, बाकीच्यांनी बाहेरची लय स्वीकारायची. दोघेही आपापल्या घड्याळावर राहिले, तर लय सरकणारच. एवढे ठरले की तारेचे काम संपते. कोणता स्वर, किती वाकवायचा आणि केव्हा थांबायचे, याचे उत्तर टेबलावरच्या कोणत्याही यंत्रात नसते.