गाडी अडते कुठे, ते आधी पाहू

घरात पैसा मोजका असला आणि मागण्या चार असल्या की मशवऱ्याला बसावे लागते. मुलीचे लग्न, घराचे छप्पर, मुलांची फी हे मशवऱ्याचे नेहमीचे विषय. या वर्षी आमच्या घरात मशवरा झाला तो गाडीवरून. विषय ऐकायला किरकोळ वाटेल. पण डोंगरात, वाडीत, बागायतीत राहणाऱ्या आणि एकत्र कुटुंबात एकच गाडी वापरणाऱ्या वाचकांना तो आपलाच वाटेल, म्हणून लिहीत आहोत.

आम्ही तीन भाऊ. थोरले भाईजान सौदीत नोकरीला आहेत. धाकटा घरची आंब्याची बाग पाहतो. मधला शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे लिहिण्याचे काम घरात त्याच्याच वाट्याला येते. रत्नागिरी जिल्ह्यातली आमची वाडी डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत आहे. या जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. वाट जांभ्याच्या लाल मातीची. वर एक चढ, मध्ये एक पऱ्या, आणि पुढे शेवाळलेला कातळ. उन्हाळ्यात याच वाटेने आंब्याचे क्रेट खाली जातात. पावसात अब्बांची औषधे, मुलांची शाळा आणि आजारी माणूस, सगळे याच वाटेने.

गाडी आहे बोलेरो कॅम्पर, सेकंड हँड घेतलेली. मागे हौदा, पुढे दोन रांगा, आणि गरज पडली की चारही चाकांना ताकद देणारी. गाडी चांगली आहे, पण वाट तिच्यापेक्षा जिद्दी आहे. भाईजानांनी पाठवलेले आणि बागेतून शिल्लक राहिलेले मिळून 45000 रुपये जमले. यातून गाडीला आधी काय बसवायचे, एवढाच प्रश्न होता.

उत्तरे मात्र घरातल्या माणसांइतकी निघाली. धाकट्याला विंच हवी होती, म्हणजे पुढच्या बंपरवर बसणारी, तारेने गाडी ओढून काढणारी मोटर. गॅरेजवाल्याने लिफ्ट किट सुचवले, म्हणजे पाटे आणि शॉक ॲब्सॉर्बर बदलून गाडी दोन इंच उंच करणे. भाईजान फोनवर म्हणाले, "आधी हवा भरायचा कंप्रेसर घ्या, बाकी सगळे नंतर." आणि पुतण्याने छपरावर लावायच्या लाइट बारचे फोटो दाखवले.

पुतण्याची मागणी शौकाची होती असे कोणी समजू नये. गेल्या जुलैत एका रात्री धाकट्या भावजयीला वेळेआधीच कळा सुरू झाल्या. पाऊस धो धो कोसळत होता आणि गाडी चढावर जागच्या जागी घसरू लागली. मोहल्ल्यातली माणसे गोणपाट आणि जांभ्याचे चिरे घेऊन धावली. तीन किलोमीटरला सव्वा तास लागला. पुतण्या बॅटरी धरून गाडीपुढे चालत होता. अल्लाहच्या कृपेने बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण तो काळोख त्या पोराच्या मनात बसला होता. तो आम्हाला म्हणाला, "चाचा, त्या रात्री काही दिसतच नव्हतं."

चारही बाजूंना कारण होते, म्हणून आवाज चढवून निकाल लागणार नव्हता. मास्तरकीची एक सवय इथे उपयोगी पडली. जूनपासून गाडीच्या कप्प्यात एक वही ठेवलेली होती. जो गाडी चालवील त्याने ती अडली तर तारीख, जागा आणि कारण लिहायचे, एवढाच नियम. जून ते सप्टेंबर अशा 14 नोंदी झाल्या होत्या. मशवऱ्याच्या दिवशी ती वही अब्बांच्या समोर उघडली.

चौदापैकी नऊ वेळा कारण एकच होते: चाक जागेवर गरगर फिरले आणि पकड मिळाली नाही. दोनदा चाकोरी खोल झाल्याने गाडीचे बूड टेकले. दोनदा पऱ्याला पाणी जास्त होते म्हणून गाडी अलीकडेच थांबवली. एकदा रात्री वळण दिसले नाही. जुलैतली ती रात्रही पकड न मिळालेल्या नऊ नोंदींतच होती. दिवा मोठा असता तर चढ स्वच्छ दिसला असता, पण गाडी चढावर टिकली नसती. पुतण्याने ती ओळ स्वतः दोनदा वाचली आणि मोबाइल खिशात ठेवला.

आता एकेका वस्तूचा हिशेब सांगतो, कारण इतर घरांतही हाच वाद होत असेल.

विंच मोठ्या कामाची वस्तू आहे, पण ती गाडी अडल्यानंतर कामाला येते, अडू नये म्हणून नाही. ती बांधायला समोर मजबूत झाड लागते, आणि आमच्या कातळावर झाड नाही. ताणलेली तार तुटली तर माणूस जखमी होतो, म्हणून ती शिकलेल्या हातातच हवी. शिवाय ती बसवायला बहुधा लोखंडी बंपर लागतो. तसे बंपर आणि क्रॅश गार्ड यांच्यावर कारवाई करा, असे केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कळवले होते.

लिफ्ट किटबद्दल एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्याने गाडीचा सांगाडा उंच होतो, ॲक्सल नाही. आमच्यासारख्या गाडीत मागच्या ॲक्सलच्या मधोमध डिफरेन्शियलचा जो गोल फुगवटा असतो तोच दगडाला आधी लागतो, आणि तो चाकांच्या उंचीवर अवलंबून असतो. टायरचा व्यास एक इंच वाढला तर तो फुगवटा अर्धा इंच वर जातो. नुसत्या लिफ्ट किटने तो होता तिथेच राहतो. उंच गाडी वळणावर जास्त कलते, हेही आहेच. अम्मींनी मात्र सगळ्यांत मोलाचा मुद्दा काढला. "आताच मला चढताना पायाखाली पाट ठेवावा लागतो. आणखी दोन इंच वर केलीत तर मला क्रेटसारखी उचलून ठेवणार काय?" त्यावर सगळे हसले, आणि लिफ्ट किटचा विषय तिथेच मिटला.

कायद्याची बाजूही पाहिली. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते की नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच बजावले. अपघातानंतर विम्याचा दावा अडकला तर बसवलेल्या वस्तूपेक्षा नुकसान मोठे होते.

भाईजानांचा सल्ला मात्र वेगळ्या तोलाचा होता. ते सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर वाळवंटात जातात. वाळूत शिरण्यापूर्वी तिथले लोक टायरची हवा निम्म्यावर आणतात. हवा कमी झाली की टायर लांबट पसरतो, जमिनीला जास्त जागी टेकतो आणि गाडी वाळूत न रुतता वरून चालते. बाहेर आल्यावर पुन्हा हवा भरावी लागते, म्हणून तिथे कंप्रेसर पहिला. त्यांचे म्हणणे त्यांच्या जमिनीसाठी अगदी बरोबर आहे. आमची जमीन वेगळी आहे. ओली लाल माती टायरच्या खाचांत भरते, रस्त्यावरचा साधा टायर काही फेऱ्यांत गुळगुळीत होतो आणि साबणावर पाय पडावा तशी गाडी सरकते. इथे रुंद खाचांचा, स्वतःचा चिखल फेकून देणारा टायर लागतो. फोनवर हे सांगितले तेव्हा भाईजान म्हणाले, "मग आधी टायर घ्या, पण हवेची गोष्ट विसरू नका."

फोर-व्हील गाडीला टायरची एवढी काय गरज, असे धाकट्याने विचारले. कारण साधे आहे. आमच्या गाडीत एका ॲक्सलवरच्या दोन चाकांपैकी जे चाक सहज फिरते तिकडेच ताकद पळते. पुढचे एक आणि मागचे एक चाक चिखलात फिरू लागले की बाकीची दोन उभीच राहतात. इंजिनाची ताकद कितीही असो, जमिनीला टेकलेले फक्त चार टायर असतात, आणि प्रत्येकाचा तळहाताएवढा भाग. ब्रेक, वळण, चढ, सगळे त्या चार तळहातांवर.

टायर ठरला, तरी कोणता हा प्रश्न राहिलाच. दुकानदार खूप मोठ्या खाचांचा चिखलाचा टायर दाखवत होता. तो चिखलात सरस असतो, पण डांबरावर घूं घूं आवाज करतो, लवकर झिजतो, आणि ओल्या डांबरावर ब्रेकला तितका भरवशाचा नसतो. आमची गाडी तीन किलोमीटर चिखलात आणि पुढे रोज पंचवीसेक किलोमीटर डांबरावर चालते. म्हणून आम्ही मधला, ऑल-टेरेन म्हणजे दोन्हीकडे चालणारा टायर घेतला. मापही कंपनीने दिलेलेच ठेवले. मोठे माप घेतले असते तर स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू लागला असता, इंजिनाची ओढ कमी झाली असती आणि स्टेपनी निकामी झाली असती. चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे. फोर-व्हील गाडीत पुढे एक आणि मागे दुसरे माप असले तर गिअरवर ताण येतो.

दुकानात गेल्यावर तीन गोष्टी वाचाव्यात, त्या टायरच्या बाजूवरच छापलेल्या असतात. मापानंतरचा अंक भाराचा असतो. 109 म्हणजे एका टायरवर 1030 किलो, 100 म्हणजे 800 किलो. त्यापुढचे अक्षर वेगाचे: क्यू म्हणजे ताशी 160 किलोमीटर, एस म्हणजे 180. आणि चार अंकी छोटी संख्या तयार झाल्याच्या तारखेची. 2224 असेल तर 2024 सालचा बाविसावा आठवडा. जुना टायर नव्या किमतीत घेऊ नये. आंब्याचे क्रेट वाहणाऱ्यांनी भाराचा अंक कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी असलेला टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

टायर, बसवणूक आणि बॅलन्सिंग मिळून 35200 रुपये झाले. उरलेल्यात भाईजानांचा मान राखून छोटा कंप्रेसर आणि हवा मोजायचे मीटर घेतले, 3800 रुपये. मग टोचनचा चांगला पट्टा आणि दोन शॅकल, 4500 रुपये. एकूण 43500. हौदा रिकामा असेल आणि वाट फारच निसरडी असेल तेव्हा हवा थोडी उतरवतो, गाडी पायी चालल्यासारखी हळू नेतो, आणि डांबर लागण्यापूर्वी पुन्हा भरतो. माल भरलेला असेल तर हवा मुळीच कमी करत नाही. टायर तापून फुटण्याची भीती असते.

वहीतल्या बाकीच्या नोंदींचे काय केले तेही सांगितले पाहिजे. बूड टेकत होते त्या दोन जागी मोहल्ल्यातल्या तरुणांनी एका रविवारी जांभ्याचे तुकडे टाकून चाकोरी भरून काढली. खर्च चहा-नाश्त्याचा. पऱ्याच्या पाण्यावर मात्र उपाय विकत मिळत नाही. दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारींना वाहून नेऊ शकते. गाडीला उंच नळी लावून इंजिनात पाणी जाणे टळेल, पण पाण्याचा रेटा टळणार नाही. पऱ्याच्या कडेच्या दगडावर आम्ही पांढऱ्या रंगाची रेघ मारली आहे. पाणी रेघेवर असेल तर गाडी अलीकडेच उभी राहते आणि माणसे साकवावरून जातात. हा नियम घरात कोणालाही मोडता येत नाही.

टायर मे महिन्यात बसवले. यंदा जून ते ऑगस्ट वहीत चार नोंदी आहेत: दोन पऱ्याच्या, एक वाटेत पडलेल्या झाडाची, आणि एक घसरणीची. त्या वेळी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरला पट्टा लावून दहा मिनिटांत गाडी बाहेर काढली. टायर चांगला असला तरी चढावर घाई चालत नाही, हे त्या नोंदीखाली धाकट्यानेच लिहिले आहे.

आमच्या घरात टायर पहिला ठरला म्हणून तो सगळ्यांचा पहिला असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांची वाट दगडांची आहे त्यांना इंजिनाखालची जाड लोखंडी पत्री आधी लागेल. ज्यांचा रस्ता चांगला पण रात्रीचा आहे त्यांनी कायद्यात बसणारे दिवे आधी घ्यावेत. आधी एक पावसाळा वही ठेवा. गाडी चालवणाऱ्यांना विचारा, तसेच तिच्यात बसणाऱ्यांना, म्हाताऱ्यांना आणि बायकांनाही विचारा. वस्तूंची यादी दुकानात मिळते, गरजांची यादी घरातच तयार होते.

उरलेले 1500 रुपये पुतण्याच्या नावाने बाजूला ठेवले आहेत. पुढच्या आंब्याच्या हंगामात त्यात भर पडेल आणि त्याचे दिवे येतील. तोवर दर जुम्म्याला सकाळी पाचही टायरांची हवा मोजून वहीत लिहिण्याचे काम त्याने आपणहून घेतले आहे.