बाजार न उठवता

शहादा तालुक्यात ज्यांचे कधी येणे झाले नाही, त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये काळीभोर जमीन. शहादा गोमाई नदीच्या काठी आहे. ही गोमाई पुढे प्रकाशाला तापीला मिळते, आणि त्या प्रकाशाला आमच्याकडे दक्षिण काशी म्हणतात. ऊस, केळी, पपई, कापूस ही आमची पिके. १९९८ साली धुळ्यापासून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, पण जुनी माणसे अजून बोलता बोलता ‘आपला धुळे जिल्हा’ म्हणून जातात.

आमचे गाव तालुक्याच्या गावापासून चार-पाच कोसांवर. गुरुवारचा बाजार भरतो. सातपुड्याच्या पायथ्याकडून बाया टोपल्या घेऊन येतात. टोपलीत हंगामाप्रमाणे तुरीच्या शेंगा, चारोळी, मोहाची फुले, कधी एखादी कोंबडी. बाजाराचे ओटे आमच्या आजोबांच्या वेळचे. फरशी उखडलेली, पत्रे गंजलेले, आणि पावसाळ्यात घोट्याएवढा चिखल. नवे ओटे बांधायचे ठरले तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. मग कोणीतरी सांगितले की काम होईपर्यंत बाजार बंद, वर्षभर शेजारच्या गावी जा.

त्या दिवशी डोंगराकडची एक म्हातारी माझ्या शेजारी उकिडवी बसली होती. ती एवढेच बोलली, “बाजार बंद व्हयना ते मनी टोपली कथा ठेवू?”

शेजारचे गाव म्हणजे तिला आणखी दोन कोस. पहाटे निघणारी बाई मध्यरात्री निघणार की काय? आणि बाजाराची एक गोष्ट शेतकऱ्याला सांगायला नको. वर्षभर माणसांचे पाय दुसऱ्या वाटेला लागले की ते परत वळत नाहीत. नवे ओटे होतील, पण त्यांच्यावर बसणार कोण?

आमचे बापू, म्हणजे माझे धाकटे चुलते, तोफखान्यात हवालदार होते. नोकरीची शेवटची काही वर्षे त्यांच्याकडे कॅन्टीनचे काम होते. मिलिटरी कॅन्टीन म्हणजे चहा-भज्यांचे हॉटेल नव्हे. साबण, तेल, चहापत्ती, प्रेशर कुकर, ट्रंका असे संसाराचे सारे सामान जवानांना बाजारभावापेक्षा स्वस्त मिळते, असे ते दुकान. कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट हे सरकारी खाते १९४८ पासून हा माल पुरवते. त्याची मुख्य कचेरी मुंबईला आहे, आणि प्रत्यक्ष दुकान जागोजागच्या पलटणी आपापले चालवतात. निवृत्त झालेल्यांनाही कार्डावर माल मिळतो. आमच्या तालुक्यातले माजी सैनिक गावातल्या दोघा-चौघांच्या याद्या खिशात घालून एस.टी.ने कॅन्टीनला जातात, हे पुष्कळांनी पाहिले असेल.

बापूंच्या छावणीतले हे दुकान एकदा गळायला लागले. इमारत इंग्रजांच्या वेळची, कौले फुटलेली, विजेच्या तारा उघड्या. साहेबांनी बापूंना बोलावून विचारले, “किती दिवस बंद ठेवावे लागेल?” बापू म्हणाले, “एकही दिवस नाही, साहेब.” हे सांगताना बापूंची छाती अजून दोन बोटे पुढे येते. पण कारण खरे होते. छावणीपासून गावातला बाजार लांब. जवान सीमेवर, आणि घरी बायको लहान मुलांना घेऊन क्वार्टरमध्ये. पेन्शनवाले म्हातारे दोन-दोन गाड्या बदलून यायचे. असा माणूस दाराला कुलूप बघून परत गेला तर त्याने कोणाला काय म्हणायचे?

मग त्यांनी काय केले, ते मी बापूंकडून इतक्या वेळा ऐकले आहे की मला पाठ झाले आहे. दुकानाचे दोन भाग पाडले आणि मध्ये ताडपत्रीचा पडदा छतापासून जमिनीपर्यंत लावला. खालची कड वाळूच्या पोत्यांनी दाबली, कारण धूळ नेहमी खालून शिरते. साखर, मैदा, बिस्किटे असा खायचा माल सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, तेल-साबण पडद्याजवळ. काम वरून खाली. आधी छप्पर, मग तारा, मग भिंती, आणि फरशी सर्वांत शेवटी. “फरशी आधी केलीस तर छपराचे लोक तिच्यावर नाचणार,” बापू म्हणतात. ठोकाठोक दुकान मिटल्यावर संध्याकाळी, आणि सकाळी उघडण्यापूर्वी पाणी शिंपडून झाडलोट. महिन्याचा पहिला आठवडा पगाराचा, म्हणून तेव्हा गवंड्यांना सुट्टी. दारात एक फळा टांगलेला असे. त्यावर रोज खडूने लिहायचे: आज साबण डावीकडे, चहा खिडकीपाशी. एक बाजू झाली की रात्रीतून सगळा माल तिकडे हलवला आणि दुसरी बाजू उघडली. कामाला दुप्पट वेळ लागला. खर्चही वाढला, हे बापू दबक्या आवाजात सांगतात. पण दुकान एक दिवस बंद पडले नाही.

हे सगळे छावणीतच जमते, तिथे हुकूम चालतो, असे मी त्यांना एकदा म्हणालो. त्यांनी उत्तर दिले नाही. पुढे काही कामासाठी आम्ही दोघे मुंबईला गेलो, तेव्हा मात्र मला हाताला धरून क्रॉफर्ड मार्केटला नेले. याला पाच-सहा वर्षे झाली. शहाद्याहून एस.टी.ने दोंडाईचा, तिथून ताप्ती लाइनची गाडी, सुरतेला बदलून मुंबई. मरीन लाइन्स स्टेशनला उतरून पायी निघालो. वाटेत बापू दर चौकात थांबून ‘इथे पूर्वी काय होते’ ते सांगत होते. त्यातले किती खरे, देव जाणे!

या मार्केटचे आजचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. मुंबईच्या किल्ल्याच्या भिंती १८६० नंतरच्या वर्षांत पाडल्या गेल्या. किल्ल्याबाहेरचा पट्टा तोफांच्या माऱ्यासाठी मोकळा राखलेला असे, त्याच बाजूला १८६९ साली ही मंडई उभी राहिली. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव तिला मिळाले. नकाशा विल्यम इमर्सन यांचा. दगड कुर्ल्याचा पिवळसर आणि वसईचा तांबडा. दारावर दगडात कोरलेली चित्रे आहेत, ती लॉकवुड किपलिंग यांनी केलेली. मोगलीची गोष्ट लिहिणाऱ्या किपलिंगचे हे वडील. मला सगळ्यांत नवल वाटले ते त्या चित्रांचे. मुंबईच्या एवढ्या मोठ्या दारावर राजा नाही, साहेब नाही, तर शेतात राबणारी कुणब्याची माणसे आहेत. मी बराच वेळ मान वर करून उभा होतो. एका हमालाने “बाजूला व्हा, काका” म्हणून हटवले तेव्हा भानावर आलो.

१९९६ पर्यंत फळांचा घाऊक व्यापार इथे चाले. मग तो नवी मुंबईला वाशीच्या बाजारात गेला. किरकोळ दुकाने मात्र राहिली. दीडशे वर्षांच्या या वास्तूची दुरुस्ती महापालिकेने हाती घेतली ती टप्प्याटप्प्याने, जुनी मूळ इमारत जपून आणि दुकाने एकीकडून दुसरीकडे हलवत. आम्ही गेलो तेव्हा एका अंगाला पत्र्याची आडभिंत होती, आणि तिच्या अलीकडे संत्र्यांचे मनोरे रचलेले. पत्र्यापलीकडे ठोकण्याचा आवाज, अलीकडे भावाची घासाघीस. बापू माझ्याकडे बघून मिशीत हसले. “इथे कुणाचा हुकूम चालतो रे?”

एका फळवाल्याकडे आम्ही पपई पाहिली. कुठली म्हणून विचारले, तर त्याला ठाऊक नव्हते. आमच्याकडचीच असावी, असे मनाशी धरून चाललो. पण त्याने एक गोष्ट चांगली सांगितली. जागा बदलली की जुने गिऱ्हाईक आधी तोंड शोधते, मग माल. म्हणून त्याने बापाचा हार घातलेला फोटो सगळ्यांत आधी नव्या जागी टांगला होता.

बंद ठेवण्याची किंमत आम्ही आमच्या तालुक्यातही पाहिली. सारंगखेड्याचा तापीवरचा पूल म्हणजे आमचा दक्षिणेचा दरवाजा. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो तो याच गावी. २०२३ च्या सप्टेंबरात महापुराने पुलालगतचा भराव वाहून गेला आणि रस्ता बंद झाला. तिथे दुसरा इलाज नव्हता, खचलेल्या रस्त्यावर कोणी गाडी घालत नाही. पण प्रकाशाकडून फेरा घेताना, ट्रकमध्ये पिकत चाललेल्या मालाकडे बघत ज्याने तास काढले, त्याला ‘बंद’ या शब्दाचा अर्थ विचारावा.

ओट्यांसाठी सभा भरली तेव्हा बापू उठले. त्यांनी भाषण केले नाही, कागदावर बाजाराचा नकाशा काढून आणला होता. मधून रेघ. आधी नदीकडची बाजू, मग देवळाकडची. बुधवारी संध्याकाळी काम थांबवायचे, खडी-वाळू एका कोपऱ्यात ओढायची, शुक्रवारी पुन्हा सुरू. ठेकेदार म्हणाला, दोनदा मिक्सर आणायचा, दोनदा माणसे जमवायची, परवडणार कसे? त्याचेही चुकीचे नव्हते. दोन तास वाद झाला. अखेर गावाने वाळू वाहून द्यायची आणि पाणी द्यायचे असे ठरले, आणि तो तयार झाला.

पहिल्याच गुरुवारी फजिती झाली. वाऱ्याने सिमेंट उडून एका बाईच्या मिरचीच्या ढिगावर बसले. ती जी ओरडली, ती देवळापर्यंत ऐकू गेली. बापूंनी ती मिरची पदरचे पैसे देऊन घेतली, आणि पुढच्या गुरुवारी मध्ये ताडपत्री आली. खाली वाळूची पोती होती, हे सांगायला नकोच.

सध्या नदीकडचे ओटे झाले आहेत. देवळाकडचे खोदकाम सुरू आहे. जागेवरून भांडण नको म्हणून बापू बुधवारी रात्री चुन्याने रेघा मारून ठेवतात. डोंगराकडच्या म्हातारीला नव्या ओट्यावर जागा दिली, तर ती म्हणाली की वर बसून गिऱ्हाईक दिसत नाही. ती ओट्याच्या पायथ्याशी जमिनीवरच बसते, आणि टोपली तेवढी वर ठेवते.