टाका, पण विचारून

मंडळाच्या कार्यक्रमात मी गायले की लगेच त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर चढायचा आणि माझा कार्यकर्त्यांना निरोप जायचा: कृपया काढून टाका. लंडनच्या आमच्या मराठी वर्तुळात हे सगळ्यांना माहीत होतं. गाणं समोर बसलेल्यांसाठी असतं, ते त्या संध्याकाळीच संपावं, असं मी सांगत असे आणि मला ते पटतही होतं. पण खरं कारण वेगळं होतं. मला माझा आवाज ऐकवत नसे. पातळ, किंचित नाकातला. तानेआधीचा श्वास माइकने असा पकडलेला, की गाण्याआधी तोच कानात शिरावा. शिवाय सभागृहात ओळखीची माणसं असतात. फोनवर कोण, कुठे बसून बघतंय आणि काय बोलतंय, काहीच कळत नाही. ही धास्ती अवास्तव होती असं मी आजही म्हणणार नाही.

आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसा कवटीच्या हाडांतूनही येतो. हाडांतून येणारा खर्जाचा भरणा रेकॉर्डिंगमध्ये नसतो, म्हणून ते परकं वाटतं. हे मी वाचलं होतं, पण त्याने मन वळलं नाही. मन वळलं ते आईमुळे. कुणीतरी सांगलीला तिच्या फोनवर माझी एक क्लिप पाठवली. मी म्हटलं, "आई, तो माझा आवाज वाटतच नाही गं." ती म्हणाली, "अगं, मला तर तुझा हाच आवाज माहीत आहे. तू बोलायला लागलीस तेव्हापासून."

मी जो आवाज लपवत होते, तो माझ्या माणसांनी जन्मभर ऐकलेला होता. माझ्या कानांतला आवाज माझ्याशिवाय कुणी ऐकलेलाच नाही.

मी बहुतेक वेळा 'संगीत स्वयंवर'मधली पदं गाते. 1916 साली आलेल्या या नाटकाच्या पदांना भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या. ही पदं गाणाऱ्या बालगंधर्वांच्या तबकड्या आहेत, म्हणून ते आपल्याला ऐकता येतात. 1922 साली गेलेल्या भास्करबुवांचं एकही ध्वनिमुद्रण आज मिळत नाही. थोर गायक अल्लादिया खाँसाहेबांनीही आपला आवाज तबकडीवर येऊ दिला नाही. त्यांच्या गाण्याची वर्णनं वाचताना मला दर वेळी चुटपुट लागते. माझी त्यांच्याशी बरोबरी नाही, स्वप्नातही नाही. पण माझ्या नातवंडांना आजीचं गाणं ऐकावंसं वाटलं, तर ते कुठेतरी असावं, असं आता मला तीव्रपणे वाटतं. म्हणून हल्ली मी काढून टाका म्हणत नाही. उलट काही जुने व्हिडिओ मीच परत मागवून घेतले.

एका गोष्टीवर मात्र माझं मत तसूभरही हललेलं नाही. माझं गाणं जगापुढे ठेवायचं की नाही, हे मी ठरवायचं. ब्रिटनचा 1988चा कॉपीराइट कायदाही कलाकाराची संमती मागतो, मग तो हौशी का असेना. कार्यकर्ते मित्रांनो, कार्यक्रमाआधी प्रत्येकाला विचारा. गणपतीतल्या बालनाट्याचं चित्रीकरण असेल तर आईवडिलांना विचाराच, आणि त्या मुलालाही विचारा. ते नाही म्हणालं, तर व्हिडिओ टाकू नका.