दोन पडदे

दहा वर्षे माझ्या मोटारीत एक वाटोळे बटण होते. ते उजवीकडे फिरवले म्हणजे गाणे मोठे होई, डावीकडे फिरवले म्हणजे लहान होई, आणि मधोमध दाबले म्हणजे सारे शांत होई. याहून अधिक काही त्या बटणाला करता येत नसे, आणि मलाही त्याच्याकडून अधिक काही नको असे. चार तास शिकवून घसा बसला असताना, डोळे रस्त्यावर ठेवून, नुसत्या डाव्या हाताने मी ते शोधून काढी. खरे म्हणजे शोधण्याचीही गरज पडत नसे, हात आपोआप तेथेच जाई. आज ते बटण, ज्या यंत्राला ते होते त्या यंत्रासह, एका पुठ्ठ्याच्या खोक्यात माझ्या पुस्तकांच्या कपाटावर पडून आहे. ते तेथे कसे गेले, हे सांगावयाचे तर आरंभ माझ्या पुतण्यापासून केला पाहिजे.

माझी मोटार लहान आहे. २०१४ साली ती घेतली तेव्हा तिच्यात रेडिओ आहे, एवढ्यावरच मी खूष होतो. परंतु गेल्या एका दिवाळीला पुतण्या पुण्याहून आपल्या नव्या मोटारीतून आला. तीही लहानच, पण तिच्या छातीवर एक रुंद, चकचकीत काच होती, आणि त्या काचेवर रस्त्यांचा नकाशा, गाण्यांची यादी, फोनवरचे निरोप आणि गाडी मागे घेताना मागचा सगळा देखावा, असे सारे विश्व उमटत होते. माझ्या मोटारीत बसल्यावर तो म्हणाला, "काका, तुमची गाडी अजून झकास आहे हो. पण हा रेडिओ? आता एक कॅसेट घालायची तेवढी राहिली!" मी हसलो. पण मला मत्सर वाटला, हे येथे कबूल करतो. पन्नाशी उलटल्यावर माणसाला संपत्तीचा किंवा कीर्तीचा मत्सर वाटेनासा होतो म्हणतात; मला एका सात इंची काचेचा वाटला.

या वस्तूला कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ‘इन्फोटेनमेंट’ म्हणतात. पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ आणि हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ एकाच बासनात बांधावे, तसा हा शब्द आहे. दुकानदार मात्र सरळ ‘स्क्रीन’ म्हणतात, आणि मराठीत आपल्याकडे ‘पडदा’ हा शब्द तयारच आहे. त्या शब्दाने पुढे मला बराच विचार करावयास लावला. पण ते पुढे.

कोणतीही गोष्ट विकत घेण्यापूर्वी तिच्यावर प्रबंध लिहिण्याइतके वाचन करावयाचे, ही आमच्या धंद्याची खोड आहे. महिनाभर मी मोटारींतल्या पडद्यांचा तौलनिक अभ्यास केला, आणि त्यात मला एक आनंदाची गोष्ट कळली. माझ्या जुन्या मोटारीच्या फळीत रेडिओसाठी जी चौकट आहे ती १८० मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर उंच आहे. हे माप मूळचे जर्मन मानकसंस्थेचे. त्या संस्थेच्या नावाची आद्याक्षरे घेऊन दुकानदार याला ‘डबल डिन’ म्हणतो. जगातल्या कोणत्याही कारखान्याने या मापाचे यंत्र करावे आणि ते कोणाच्याही मोटारीत बसावे, अशी ही सोय. नव्या मोटारींतून ही चौकट आता नाहीशी होत चालली आहे. तेथे पडदा गाडीच्या साच्यातच ओतलेला असतो. तो आवडला नाही, बिघडला किंवा जुना झाला, तरी त्याच्याशी संसार करावा लागतो. पुतण्याच्या श्रीमंत गाडीला जे स्वातंत्र्य नाही ते माझ्या दरिद्री गाडीला आहे, हे कळल्यावर मत्सराचा निम्मा भाग तेथेच उतरला. पण उरलेला निम्मा मला मिरजेतल्या एका दुकानापर्यंत घेऊन गेलाच.

दुकानातला मुलगा विशीतला, बोलका आणि हुशार होता. त्याने मला पडद्यांतले जातिभेद समजावून दिले. काही पडदे नुसते आरशासारखे: तुमचा फोन त्यांना जोडावा आणि फोनवरचे नकाशे, गाणी त्यांच्यावर उमटावीत. अ‍ॅपलने ही सोय २०१४ साली आणली, गूगलने २०१५ साली. दुसरे पडदे म्हणजे स्वतःच एक बिनफोनचा फोन. त्यांना स्वतःची स्मरणशक्ती असते आणि तिच्यावर त्यांची किंमत ठरते. "सर, दोन-बत्तीस घेऊ नका, अडकतंय. चार-चौसष्ट घ्या," तो म्हणाला. हे स्मरणशक्तीचे आकडे होत, हे मला मागाहून कळले. त्या क्षणी मी परीक्षेच्या वयाचा विद्यार्थी होऊन मान डोलावली. काचेतही भेद असतो. जुन्या तऱ्हेच्या पडद्यात दोन थर असत आणि बोटाने दाबून ते एकमेकांस टेकवावे लागत. तेथे नखही चाले, पेन्सिलही चाले. नव्या काचेला दाब नको असतो. आपल्या बोटामुळे तिच्या विद्युत्भारात जो सूक्ष्म फरक पडतो, तो ती ओळखते. म्हणून ती इतकी तत्पर. आणि म्हणूनच ओले बोट लागले की ती गोंधळते.

त्या दुकानात मी सहा पडदे हाताळले आणि सहाही मला उत्तम वाटले. दुकानात सगळेच पडदे गुणी असतात, कारण दुकान चालत नसते.

मी चार-चौसष्ट घेतला. मुलाने एकही तार न कापता, आयत्या जोडणीने तो दोन तासांत बसवला आणि मागे एक कॅमेराही लावून दिला. त्या कॅमेऱ्याविषयी मला आजही कृतज्ञताच वाटते. आमच्या बोळात गाडी मागे घेताना शेजारच्यांच्या तुळशीवृंदावनाला जे भय होते ते गेले. पहिला महिना फार सुखाचा गेला. कोल्हापुरात लग्नाचे कार्यालय शोधताना कोणाला विचारावे लागले नाही. पुतण्याला मी पडद्याचे छायाचित्र पाठवले, आणि त्याने हात जोडल्याचे चिन्ह उलट पाठवले.

पुढे हळूहळू एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. माझी चाळिशी मला वाचनाच्या अंतरावर दाखवते. वीतभर पलीकडचे पुस्तक हा तिचा प्रांत. रस्ता दूर, तो मला चष्म्यावाचून स्वच्छ दिसतो. परंतु मोटारीतला पडदा या दोहोंच्या मधोमध, हात लांब केल्यावर बोट टेकेल इतक्या अंतरावर असतो. आणि तो प्रांत माझ्या डोळ्यांनी कोणालाच दिलेला नाही. रस्त्यावरून दृष्टी काढून पडद्यावर नेली की अक्षरे आधी धूसर दिसतात, मग डोळा ताणला म्हणजे जुळतात. परत रस्त्याकडे पाहिले की तोही क्षणभर धूसर. हे पडदे आखणारे बहुतेक तरुण असावेत. त्यांचे डोळे जवळून दूर अशा उड्या सहज घेतात, आणि घेतल्याचे त्यांना कळतही नाही. आमच्या वयाच्या माणसाची दृष्टी जिना उतरून पुन्हा चढते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहावयास घेतले तिच्याकडे येतो. जुलैतली दुपार होती, पाऊस पडत होता. मी मिरजेहून सांगलीस परतत होतो. विश्रामबाग अजून यावयाचे होते. समोरच्या काचेने वाफ धरली होती ती मी हाताने पुसली, आणि तेवढ्यात उत्तरपत्रिकांच्या कामाचा एक फोन आला. गाणे चालू होते, ते नाहीसे होऊन पडद्यावर एक हिरवे आणि एक तांबडे वर्तुळ आले आणि घंटेचा आवाज सगळ्या गाडीत भरून राहिला. मला तो आवाज फक्त लहान करावयाचा होता. पूर्वी हात आपोआप गेला असता. आता मी तांबड्या वर्तुळावर बोट टेकवले. ओल्या बोटाला काचेने दाद दिली नाही. पुन्हा टेकवले, तो काही निराळेच उघडले. मी पडद्याकडे नीट पाहिले. किती वेळ पाहिले? दोन सेकंद असतील. ताशी चाळीस किलोमीटरांच्या वेगाने दोन सेकंदांत मोटार बावीस मीटर जाते. हा हिशेब मी नंतर केला. त्या बावीस मीटरांत मोटार मी चालवीत नव्हतो. ती आपली आपण चालली होती.

मान वर केली तेव्हा समोर एक सायकल होती. निळा रेनकोट, पाठीवर दप्तराचा फुगवटा. मी ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा ना. गाडी थोडी घसरून थांबली. तिच्या तोंडात आणि सायकलच्या मागच्या चाकात हातभर अंतर असेल. मुलाने वळून पाहिले. अकरा-बारा वर्षांचा असावा. त्याच्या चेहऱ्यावर भय नव्हते. काय टळले हे त्याला कळलेच नव्हते. त्याने डोक्यावरची टोपी पुढे ओढली आणि तो पावसात निघून गेला. फोनची घंटा अजून वाजतच होती.

मी गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून पावसात उभा राहिलो. पाय कापत होते. यंत्राला दोष देण्याचा मोह तेव्हाही झाला नाही, आताही होत नाही. ते मी पैसे मोजून आणले होते, आणि त्याच्याकडे पाहिलेही मीच होते.

घरी आलो तेव्हा ही सतार घेऊन बसली होती. तिचे शिक्षण मिरजेतले. सतारमेकर गल्लीत तिच्यासाठी करून घेतलेली सतार तिने तीस वर्षे जपली आहे. (मिरजेच्या सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा जणू ते हिलाच मिळाले, अशा थाटात तिने पेढे वाटले होते.) डोळे मिटून तिचे आलाप चालले होते. मला चिंब पाहून ती थांबली.

"अहो, गाडीत बसून एवढे भिजलात कसे?"

"मध्ये जरा उतरलो होतो."

"कशाला?"

"सहज."

तिने पुन्हा डोळे मिटले, आणि मी ओल्या कपड्यांनिशी दारातच तिचा डावा हात पाहत राहिलो. सतारीच्या दांडीवर धातूच्या ज्या आडव्या कांबी बांधलेल्या असतात त्यांनाही आपण पडदेच म्हणतो. हे इतक्या वर्षांत मला कधी विशेष वाटले नव्हते. तिचे बोट एका पडद्यावरून दुसऱ्यावर जात होते, आणि पोहोचल्याची खूण प्रत्येक पडदा त्या बोटाला देत होता: येथे उंचवटा आहे, येथे तू आहेस. डोळ्यांना तेथे कामच नव्हते. आणि मोटारीतला माझा पडदा? त्यालाही डावाच हात लागतो. पण ती काच स्थितप्रज्ञ आहे. गाणे असो, नकाशा असो, कोणाचा निरोप असो, तिचा स्पर्श एकच. आपण कोठे आहोत हे ती बोटाला कधीच सांगत नाही. ते डोळ्यांनाच विचारावे लागते, आणि डोळे तर दुसरीकडे कामावर असतात.

खोड जातीची, पुन्हा वाचन सुरू झाले. अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा खात्याने २०१३ सालीच मोटार बनविणाऱ्यांना सुचविले होते की, चालकाची नजर एका वेळी दोन सेकंदांहून अधिक काळ रस्त्यावरून हलावी लागेल असे काही करू नका. स्वीडनमधल्या एका मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ साली अकरा नव्या गाड्या आणि बटणांची एक २००५ सालची व्होल्व्हो घेऊन, ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना रेडिओ लावणे, ऊब वाढविणे अशी किरकोळ कामे चालकांस करावयास सांगितली. जुन्या व्होल्व्होत ती दहा सेकंदांत उरकली, आणि तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे राहिलेल्या नव्या गाडीत तीच कामे होईतो ती १,३७२ मीटर गेली होती! गंमत म्हणजे हा धडा नवा नाही. अमेरिकेत ब्यूइक कंपनीने १९८६ साली आपल्या रिव्हिएरा गाडीत चित्रनळीचा स्पर्शपडदा बसवला होता. काही वर्षांनी गिऱ्हाइकांच्या कुरकुरीमुळे तो काढून तिने पुन्हा बटणे आणली. आणि युरोपातल्या ज्या संस्थेचे तारे पाहून तिकडे गाड्या घेतात, तिने २०२६ पासून दिशादर्शक दिवे, भोंगा, पाणी पुसण्याचे वायपर अशा पाच कामांना खरी बटणे नसतील तर गुण कापण्याचे ठरविले.

पुतण्याला हे फोनवर सांगितले. (घरच्या फोनवर, खुर्चीत बसून.) तो म्हणाला, "काका, १९३० च्या सुमारास अमेरिकेत गाडीतल्या रेडिओविरुद्धही अशीच ओरड झाली होती." ते खरे आहे, आणि मला क्षणभर उत्तर सुचले नाही. मग सुचले ते असे की रेडिओ कान मागतो, आणि कान रस्त्याकडे वळवून ठेवावे लागत नाहीत. त्याला ते पटले की नाही कोण जाणे.

सहा महिन्यांत मी दुसऱ्यांदा त्या दुकानाची पायरी चढलो. "पडदा असू दे, पण त्याला फिरवायचे बटण हवे," म्हणालो. मुलगा माझ्याकडे, जुन्या आवृत्तीचे पुस्तक मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावे तसा, पाहत राहिला. "नॉबवाला आता कोण मागत नाही, सर." तरीही माळ्यावर चढून त्याने एक शोधून आणला. त्याला स्वतःची बुद्धी नाही. फोन जोडावा लागतो, तो उघडावयास वेळ घेतो, आणि काच आधीच्याहून अंधूक आहे. पहिल्या पडद्याचे मला निम्मेही पैसे परत मिळाले नाहीत. घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

आता नकाशा मी गाडी सुरू करण्यापूर्वी लावतो. गाडीत बसताना फोनची तोंडे बंद करतो. ही बरोबर असली म्हणजे पडदा तिच्याकडे. डावे-उजवे ती सांगते, आणि नकाशातल्या बाईपेक्षा अधिक अधिकाराने सांगते. आवाज मात्र मीच लहानमोठा करतो. बटण पूर्वीच्या जागेहून चार बोटे वर आहे, त्यामुळे पहिले काही दिवस हात खालीच जाऊन रिकामा परत येई. आता त्याला वाट कळली आहे.

सहा महिन्यांत दोनदा खर्च कशासाठी केला, हे हिने विचारले नाही असे नाही. "बटण बरे पडते," एवढेच मी म्हणालो. विश्रामबागेच्या अलीकडे काय झाले, ते तिला अजून ठाऊक नाही. पण हे मासिक आमच्या घरी येते, आणि ती ते शेवटच्या पानापासून वाचावयास घेते. आधी पुस्तकपरीक्षणे, मग बाकीचे. तेव्हा अजून दोन-तीन दिवस माझ्या हाती आहेत.