भाचीचं लिव्हर चांगलंच होतं

दोन वर्षांपूर्वी तान्ह्या पोळ्याला मी पुण्याहून पांढुर्ण्याला घरी आलो होतो. जाम नदीवर गोटमार सुरू होती, आणि सौंसरहून ताईचा फोन आला, "पोरीनं रक्ताची उलटी केली रे, लवकर ये." भाची तेव्हा सात वर्षांची. नागपूरचा रस्ता त्या दिवशी संपता संपेना.

नागपूरला एंडोस्कोपी झाली. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या होत्या. डॉक्टरांनी रबरी बँड लावून रक्त थांबवलं. प्लीहाही वाढली होती. वर्षभर पोट मोठं दिसायचं, पण आम्ही जंत समजून गोळ्या देत होतो. ताईनं विचारलं, "लिव्हर खराब झालं का हो?" डॉक्टर म्हणाले, "लिव्हर चांगलं आहे. त्याच्याकडे जाणारी शीर बंद आहे."

भाऊजींची संत्र्याची बाग आहे. त्यांना मी ठिबकवरून समजावलं. मेन पाईप तुंबला की पाणी मागे दाबतं आणि कच्च्या जोडातून फुटतं. आतड्यांचं आणि प्लीहेचं रक्त पोर्टल शिरेतून लिव्हरला जातं. ही शीर तान्हेपणीच गुठळीनं बंद होऊ शकते. कधी नाळेच्या जंतुसंसर्गानं, पण बरेचदा कारण सापडत नाही. मग रक्त आडवाटेनं नाजूक शिरांत शिरतं. बँडनं फुटलेला जोड बांधला जातो, मागचा दाब तसाच राहतो.

भाऊजींनी बिनटाक्याच्या शंटबद्दल विचारलं. त्याला टिप्स म्हणतात: मानेच्या शिरेतून तार नेऊन लिव्हरमध्ये स्टेंट बसवतात. काही मुलांमध्ये ते करतातही. पण हिची मुख्य शीरच बंद, तार न्यायला वाट नव्हती. शिवाय त्यात बरंच रक्त लिव्हरला टाळून जातं आणि त्याचा मेंदूवर परिणाम होऊ शकतो. तपासण्या करून डॉक्टरांनी रेक्स शंट सुचवला. बेल्जियममध्ये सर्जन जाँ द व्हील द ग्वाये यांनी १९९२ मध्ये मांडलेली ही शस्त्रक्रिया. मानेतली शीर काढून ती आतड्याच्या शिरेपासून लिव्हरमधल्या डाव्या शाखेला जोडतात. रक्त पुन्हा लिव्हरमध्येच जातं. मात्र पोट उघडावं लागतं.

ताई तिथंच अडली. नातेवाइकांना तिनं टायफॉईड सांगितला होता. "पोटावर एवढा व्रण, उद्या लग्नाचं काय?" प्लीहेला मार लागू नये म्हणून भाचीची सायकल बंद होती. ती म्हणाली, "मामा, व्रण तं कपड्याच्या आत राहीन ना? मग मले सायकल चालवू द्या."

मागच्या हिवाळ्यात ऑपरेशन झालं. तपासण्या अजून चालू आहेत, पण त्यानंतर रक्त पडलं नाही. यंदा तान्ह्या पोळ्याला ती लाकडी बैल घेऊन गल्लीभर फिरली. शेजारणींना आजाराचं खरं नाव ताईनंच सांगितलं.

मंडळी, लेकराच्या उलटीत रक्त दिसलं किंवा शी डांबरासारखी काळी झाली, तर थेट मोठा दवाखाना गाठा. आणि रक्त थांबलं म्हणून परत फिरू नका. लिव्हर चांगलं असेल, तर बंद शिरेला नवी वाट करता येईल का, एवढं विचाराच.