सुई कोणाच्या हातात?

गरिबांसाठी झटणाऱ्या डॉक्टरांना आपण फार लवकर देव्हाऱ्यात बसवतो. शाल-श्रीफळ दिलं, 'देवमाणूस' म्हटलं, की त्यांच्याकडून शिकायची जबाबदारी संपते; इतका त्याग आपल्याला कुठला जमायला, असं म्हणून मोकळं होता येतं. गडचिरोलीत १९८६पासून काम करणाऱ्या डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्याबाबतीत हेच होत आलं आहे. मला मात्र त्यांच्या नेतृत्वाचा गाभा त्यागात दिसत नाही. त्यांनी आधी दुखणं मोजलं आणि मग ते बरं करण्याचं डॉक्टरी कौशल्य बिनडॉक्टरांच्या हाती दिलं. पुढारपणाची खरी कसोटी या दुसऱ्या गोष्टीत आहे.

मोजण्यापासून सुरुवात का, हे राणी बंग यांच्या अभ्यासावरून कळतं. दोन गावांतल्या ६५० बायकांची त्यांनी तपासणी केली. ९२ टक्के जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. त्याआधी कधी तरी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. अंगावर पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं हे बाईच्या जातीला असायचंच, असं घरात मानलं जाई, आणि सरकारी यंत्रणेला बाई दिसे ती बाळंतपण नाही तर कुटुंब नियोजन यापुरती. हा अभ्यास १९८९मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, तेव्हा हे दुखणं जगाच्या आरोग्यचर्चेत आलं. नुसता कळवळा असता, तर आलेल्या रुग्णांना औषध देऊन काम भागलं असतं. न आलेल्या रुग्णांचा पत्ता आकड्यांनीच दिला.

मोजणी पुढे गावकऱ्यांच्याच हाती गेली. अक्षरओळख नसलेल्या दाईला बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून एक साधं उपकरण केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. पुढचं पाऊल याहून धाडसाचं होतं. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं आणि नवजात बाळाला जंतुदोष झाला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. ३९ गावांत हे काम झालं, तुलनेसाठी ४७ गावं होती. १९९९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता, आणि जंतुदोष झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं होतं.

यावरचा पहिला आक्षेप गंभीर आहे: शहरातल्या बाळाला बालरोगतज्ज्ञ आणि आदिवासी बाळाला आठवी पास बाई, हा न्याय कुठला? पण तुलना चुकीच्या जोडीची आहे. त्या बाळापुढे तज्ज्ञ की आरोग्यदूत असा पर्याय नव्हताच. आरोग्यदूत की कोणीच नाही, असा होता. शिवाय आधी दवाखान्यात न्यायचाच सल्ला दिला जाई. घरचे तयार नसतील तर संमती घेऊन घरी उपचार होत. दुसरा आक्षेप असा, की संस्थांनी अशी कामं केली की सरकारला हात झटकायला मोकळीक मिळते. भीती रास्त आहे, पण इथे घडलं उलट. याच कामाच्या धर्तीवर २०११मध्ये केंद्र सरकारने गावातल्या 'आशा' स्वयंसेविकांमार्फत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर लागू केला. पुरावा हाती असल्याशिवाय सरकारकडे नुसतं गाऱ्हाणं मांडता येतं, मागणी रेटता येत नाही.

तरीही या विजयात एक खोट आहे. राष्ट्रीय कार्यक्रमाने घरभेटी घेतल्या, वजन-ताप पाहणं घेतलं, सुई मात्र आशाच्या हातात दिली नाही. बाळाच्या सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर तिला मिळणार २५० रुपये, तेही पगार म्हणून नव्हे, प्रोत्साहन भत्ता म्हणून. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, मग सुई कशाला, असं यावर म्हणता येईल. पण आई दोन-तीन दिवसांत घरी येते, जंतुदोष त्यानंतरही होतो, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की तालुक्याचा रस्ता बंद होतो. नेतृत्वाचा धडा मला इथे सापडतो. वरच्याने खालच्याला काम दिलं आणि अधिकार व मोबदला स्वतःकडे ठेवला, तर ती फक्त कामाची वाटणी झाली. बंगांनी विद्या दिली, तिच्याबरोबर विश्वास दिला आणि परिणामांचा हिशेब चारचौघांत मांडला. म्हणून अशा डॉक्टरांचा सत्कार करणाऱ्या प्रत्येक मंत्र्याला आणि अधिकाऱ्याला एवढंच विचारावं: तुमच्या हातातलं नेमकं काय तुम्ही आशाला द्यायला तयार आहात?