बारी आणि विमानतळ

पंढरपूर, आषाढ शुद्ध त्रयोदशी.

एकादशी झाली तरी बारी हटत नाही. देवाचा पलंग निघालेला, म्हणून दर्शन चोवीस तास. गोपाळपूर रस्त्याकडच्या पत्राशेडमध्ये माणसं निवांत पाय पसरून, कुणी भजनात, कुणी घोरतंय. ताटकळणं असं अंगवळणी पाडून घ्यावं! पुढच्या महिन्यात आईलाही असंच ताटकळायचंय, विमानतळावर; तिला धाकट्याकडे परदेशी पाठवायचंय, मुंबईहून. ती विमानापेक्षा विमानतळालाच घाबरते. आज तिची तयारी मांडली. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच विमान कंपनीकडे सांगून ठेवायची. तीन तास आधी पोचायचं. बाटली तपासणीपर्यंत रिकामी, आत गेल्यावर भरायची. राजगिऱ्याचे लाडू हातात चालतील. बुक्क्याची पुडी मात्र मोठ्या सामानात, काळी पूड बघून कोण काय विचारेल, नेम नाही. २०१४ साली सुरू झालेल्या टर्मिनल दोनच्या भिंतींवर देशभरातल्या जुन्या कलावस्तू लावल्यात, त्या बघत वेळ जाईल. खुर्च्यांना मध्ये हात असतात, त्यामुळे आडवं होणं अवघड. हे मला पटत नाही.

"तिथं रांगेत कुणी जागा धरतं का रे?" आईनं विचारलं.

"नाही गं."

मग व्हीलचेअरला तयार झाली.